गळ टाकणारा मासा: दोन व्हिडिओ गेम्समधला आणि समुद्रातला

‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ आणि ‘स्टारड्यू व्हॅली’ हे दोन खेळ मी दिवाळीपासून सलग खेळत आलो आहे. पहिला 2020 मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला. दुसरा 2016 मध्ये संगणकासाठी आला आणि पुढे मोबाइलवरही उपलब्ध झाला. शेती, घर सजवणे, शेजाऱ्यांना भेटवस्तू देणे या गोष्टींवर पुष्कळांनी लिहिले आहे, त्यामुळे हा अभिप्राय एकाच माशापुरता ठेवतो. मी सांगलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो आणि स्वतःच्या कपाळावर गळ बाळगणाऱ्या माशांच्या गणाविषयी मला पहिल्यापासून कुतूहल आहे. खोल समुद्रातले अँगलरफिश आणि उथळ पाण्यातले फ्रॉगफिश ही एकाच गणातली भावंडे आहेत. दोघांच्याही पाठीच्या पराचा पहिला काटा पुढे सरकून त्याची काठी झालेली असते आणि त्या काठीच्या टोकाला आमिष असते.

‘ॲनिमल क्रॉसिंग’मध्ये या गणाचा प्रतिनिधी म्हणून फुटबॉलफिश भेटतो. उत्तर गोलार्धातले बेट निवडले असेल तर तो नोव्हेंबर ते मार्च या काळात, दुपारी चारपासून सकाळी नऊपर्यंत समुद्रकिनाऱ्यावर मिळतो, आणि खेळाचे घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालत असल्यामुळे दुपारी जेवण झाल्यावर तो शोधण्यात काही अर्थ नसतो. तास संपवून मी विश्रामबागेतल्या घरी पोहोचतो तेव्हा चार वाजून गेलेले असतात, त्यामुळे मला हे वेळापत्रक सोयीचे पडले. विकल्यास 2,500 बेल्स (खेळातले चलन) मिळतात. विकण्याऐवजी संग्रहालयाला दिला, तर तिथले घुबड-महाशय ब्लॅदर्स तो दालनात ठेवतात आणि आपण हवा तितका वेळ काचेसमोर उभे राहू शकतो. गोलमटोल देह आणि कपाळावरची काठी हे सारे ओळखता येण्याइतके नीट काढलेले आहे.

आक्षेप आहे तो पत्त्याबद्दल. हा मासा किनाऱ्यावरून टाकलेल्या गळाला लागणे जवळजवळ अशक्य आहे, कारण त्याचे घर शेकडो मीटर खाली, जिथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही अशा पाण्यात असते. या कुळाची शास्त्राला ओळख झाली तीच 1830 च्या दशकात ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागलेल्या एका माशामुळे, आणि 2021 च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या क्रिस्टल कोव्हच्या वाळूवर सुमारे दीड फुटाची एक मादी वाहून आली तेव्हा जगभर तिची बातमी झाली. बेटाच्या वाळूवर उभे राहून एका संध्याकाळी दोन-दोन फुटबॉलफिश काढणाऱ्या खेळाडूला या दुर्मीळतेची कल्पनाही येत नाही.

‘स्टारड्यू व्हॅली’ने तर याहून मोठी उडी मारली आहे. तिथला ‘अँगलर’ चक्क गावातल्या नदीत राहतो! गावातल्या जोजामार्ट या दुकानाच्या उत्तरेला असलेल्या फळ्यांच्या पुलावरून, शरद ऋतूत आणि मासेमारीची तिसरी पातळी गाठल्यावरच तो लागतो. नव्याने सुरू केलेल्या एका डावात तो साधारणपणे एकदाच मिळतो आणि त्याची मूळ किंमत खेळातल्या चलनात 900 आहे. गळाला लागल्यावर तो पट्टीवर असा वरखाली धावतो, की हिरवा चौकोन त्याच्यावर धरून ठेवताना अंगठा दुखून येतो. प्रत्यक्षात खोल समुद्रातले हे मासे अंधारात अधांतरी तरंगत राहतात आणि सावज जवळ येण्याची वाट पाहतात. लांब पाठलाग किंवा झुंज यांसाठी त्यांचे शरीर घडलेलेच नसते. कृष्णेत आयर्विन पुलाखाली वाम किंवा मरळ लागली तर ती जशी झगडेल, तसा हा मासा झगडणार नाही. खेळाला आव्हान हवे होते, म्हणून माशाच्या अंगी नसलेला गुण त्याला चिकटवला, इतकेच.

मिरजेची माझी भाची सुट्टीत राहायला आली असताना संग्रहालयातल्या काचेपुढे बराच वेळ उभी राहिली आणि तिने विचारले, “मामा, यातला नर कुठे आहे?” प्रश्न अगदी नेमका होता. खोल समुद्रातल्या या माशांत काठी आणि दिवा हे फक्त मादीकडे असतात. दिव्याचा प्रकाशही तिचा स्वतःचा नसतो. काठीच्या टोकावरच्या फुग्यात राहणारे जीवाणू तो निर्माण करतात. नर जेमतेम काही सेंटिमीटरचा असतो, त्याच्याकडे आमिष नसते आणि मादीला शोधून काढणे हेच त्याचे मुख्य काम असते. काही अँगलरफिश कुळांत नर मादीला चावून तिच्या शरीराशी कायमचा जोडला जातो आणि तिच्याच रक्तावर जगतो. ही गोष्ट इतकी प्रसिद्ध आहे, की ती सगळ्याच अँगलरफिशना सरसकट लावली जाते. फुटबॉलफिशच्या कुळातला नर मात्र स्वतंत्रच राहतो. एवढे ऐकून भाचीने “मग बरंय” असे म्हणून गळ पुन्हा पाण्यात टाकला.

आता ज्या कारणासाठी हा अभिप्राय लिहायला घेतला त्याकडे येतो. दोन्ही खेळांनी माशाचा दिवा उचलला आणि त्याचे थांबणे सोडून दिले, असे सुरुवातीचे काही आठवडे मला वाटत होते. पण ते थांबणे खेळात आहेच. फक्त ते माशाकडे न देता खेळाडूकडे दिले आहे. ‘ॲनिमल क्रॉसिंग’मध्ये किनाऱ्यावरून धावत गेलात तर पाण्यातली सावली पळून जाते. पावले हळू टाकावी लागतात, गळ सावलीच्या तोंडापुढे पडावा लागतो आणि मग हलायचे नाही. मासा आमिषाला एकदा टोचतो, दोनदा टोचतो. असे चार वेळा तो नुसते टोचू शकतो आणि पाचव्या खेपेला मात्र हमखास ओढतो. ज्या क्षणी गळाचे बोंड खाली जाते त्याच क्षणी बटण दाबायचे. हे फ्रॉगफिशचे आयुष्य आहे, अगदी पायरीपायरीने.

फ्रॉगफिशच्या सुमारे पन्नास जाती ज्ञात आहेत आणि बहुतेक उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रात राहतात. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांत आढळणारा मस्सेदार फ्रॉगफिश, म्हणजे अँटेनेरियस मॅक्युलेटस, जेमतेम वीतभर असतो. तो स्पंजावर किंवा प्रवाळावर बसून राहतो, त्याचे अंग आसपासच्या रंगाशी मिळते आणि जागा बदलली तर काही आठवड्यांत रंगही बदलतो. पोहण्याऐवजी तो हातापायांसारख्या जाड परांवर चालत जातो. काठी पुढे करून तो आमिष हलवतो. एका पट्टेदार जातीचे आमिष तर हुबेहूब वळवळणाऱ्या गांडुळासारखे असते. सावज टप्प्यात आले की जबडा उघडतो, तोंडाची पोकळी बारा पटींपर्यंत फुगते आणि पाण्याबरोबर सावज आत ओढले जाते. डेव्हिड ग्रोबेकर आणि थिओडोर पीच यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे चित्रित करून 1979 मध्ये दाखवले, की या साऱ्याला सहा मिलिसेकंद इतका कमी वेळ लागू शकतो. बोंड बुडालेले पाहून बटण दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे चाळीसपट जास्त वेळ. इतके संथ असूनही आपल्याला मासा मिळतो, हे खेळाचे औदार्य मानायला हवे.

सहा मिलिसेकंदांचा घास पडद्यावर दिसणारच नाही, आणि उरलेला सगळा वेळ हा मासा दगडासारखा पडून असतो. त्यामुळे फ्रॉगफिशला नायक करून खेळ काढायला कोणी सहजासहजी धजावणार नाही, हे मी समजू शकतो. तरीही संग्रहालयाच्या एखाद्या टाकीत स्पंजाच्या कोपऱ्यात न हलणारा एक फ्रॉगफिश लपवून ठेवला असता, तर शोधणाऱ्याला केवढी मौज आली असती.

निवड करायची झाल्यास, केवळ विरंगुळा हवा असेल तर ‘स्टारड्यू व्हॅली’ घ्यावा. मोबाइलवर तो उत्तम चालतो आणि वेगळा कन्सोल लागत नाही. मुलांना मासे दाखवायचे असतील तर ‘ॲनिमल क्रॉसिंग’ सरस आहे, मात्र दोन्हींत मराठीही नाही आणि हिंदीही नाही, त्यामुळे लहान मुलांजवळ बसून मजकूर समजावून सांगावा लागतो. ज्यांना मे महिन्याच्या सुट्टीतच फुटबॉलफिश हवा आहे त्यांनी सुरुवातीला बेट निवडतानाच दक्षिण गोलार्ध घ्यावा. तिथे तो मे ते सप्टेंबर मिळतो, आणि एकदा निवडलेला गोलार्ध नंतर बदलता येत नाही.