वॉकमन, भंगारातला बेल्ट आणि काळी एक: सात महिन्यांनंतर

गेल्या रविवारी वॉकमनने बाबांच्या भजनाची कॅसेट गुंतवली. अर्धा तास पेन्सिल घालून टेप गुंडाळत बसलो. कुठे तुटली नाही, नशीब. सात महिने मी भेटेल त्याला सांगत होतो की वॉकमनच्या मोटरवरून चाकं फिरवणारा रबरी पट्टा, म्हणजे बेल्ट, भंगारातला कुठलाही चालतो, नवा मागवू नका. ते आता मागे घेतो.

आधी बंद पडलेला वॉकमन दुकानात नेला होता. तपासणीचे ३०० रुपये घेतले, आठवडाभर ठेवला आणि 'पार्ट मिळत नाहीत' म्हणून परत दिला, तोही मागचा एक स्क्रू हरवून. त्या ३०० रुपयांचा राग अजून गेलेला नाही. घरी उघडला तर मोटर ठणठणीत. बेल्ट तेवढा विरघळून डांबरासारखा पुलीला चिकटलेला. कापसाच्या काडीने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते डांबर काढण्यात एक संध्याकाळ गेली. मग बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात १५० रुपयांना एक बंद टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) उचलला. त्याची मोटर जास्त व्होल्टची, वॉकमनच्या दोन पेन्सिल सेलवर ती काय फिरणार! पण आतला छोटा बेल्ट मापात बसला, स्क्रूही मिळाला.

आवाज आला. शब्द बाबांचे, पण गळा कोवळा.

बाबा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गायचे. रेकॉर्डिंगला होती तीच पेटी अजून घरात आहे. ती काढली, तर कॅसेटमधला सा लगेच पुढच्या पट्टीवर, पांढरी दोनवर, जाऊन बसत होता. अर्धा स्वर चढला म्हणजे टेप साधारण ६ टक्के जोरात पळतेय. सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर जायला हवी, ती पाचच्या वर. कारण बेल्टची जाडी. मोटरची पुली ज्वारीच्या दाण्याएवढी. तिच्यावर जाड बेल्ट चढला की तिचा घेर वाढल्यासारखा होतो. मोठ्या चाकाला तेवढ्याने फारसा फरक पडत नाही, म्हणून सगळंच जोरात फिरतं.

या मोटरच्या पाठीला बारीक भोक आहे, आत वेग कमीजास्त करायचा स्क्रू. आई भाता ओढत काळी एक धरून बसली, मी घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरने केसभर, केसभर फिरवत गेलो. एका जागी ती म्हणाली, "हां, आता हे आले." तिथेच थांबलो.

वॉकमनचा आवाज भरदार आहे का, बास किती, असं लोक विचारतात. माझ्या लेखी वेग बरोबर असेल तर यंत्र चांगलं. टेप संपली की आपोआप थांबणं (ऑटो-स्टॉप) बंद आहे, झाकणाला ओरखडे आहेत, चालायचंच.

मात्र भंगारातलं रबर हे आधीच म्हातारं झालेलं रबर, हे मला रविवारी कळलं. बेल्ट सैल पडला, गुंडाळणारं चाक मागे राहिलं आणि टेप आत साचत गेली. स्क्रू, स्प्रिंग, सेलच्या पट्ट्या, हेडफोनचा जॅक खुशाल भंगारातून काढा. बेल्ट नवा घ्या, मूळ बेल्टच्या जाडीचा. मला ९० रुपयांना मिळाला. त्या दुकानाला दिलेल्या पैशांत तीन आले असते.

नवा बेल्ट काल बसवला, पेटी काढून वेग पुन्हा लावला. बाबांची दुसरी बाजू अजून लावलेली नाही. आधी आठवडाभर दुसऱ्या एका जुन्या कॅसेटवर चालवून बघतोय.