पाणी पिवळं झालं आणि आम्ही फसलो

माझ्या लेकाला हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हर बिघडवणारा, कावीळही करू शकणारा विषाणू, माझ्याकडूनच आला. गरोदरपणी माझी ती तपासणी झाली नव्हती, आणि जन्मल्यावर २४ तासांत द्यायची लस त्याला मिळाली नाही. हे सगळं कळलं तेव्हा तो सात वर्षांचा होता.

डॉक्टर म्हणाले, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, भरपूर आहे, पण एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा होतेय का हे दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल आहे. आत्ता औषध नको, दर सहा महिन्यांनी तपासू. अंगात विषाणू आणि औषध नको? माझी झोपच उडाली. त्याच घालमेलीत नात्यातल्या एका बाईंनी काविळीवर औषध देणाऱ्याचा पत्ता दिला.

त्यानं लेकाच्या तळहातांना कसलासा रस चोळला आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळंधमक! "बघा ताई, कावीळ उतरतेय." मला रडूच कोसळलं. मग दर रविवारी तेच, वर पुड्या. साडेतीन महिन्यांत २१ हजार गेले. शेवटी त्यानंच एसजीपीटी करायला लावली. नॉर्मल आली. "मुळासकट गेली," म्हणाला.

अहो, ती तर आधीही नॉर्मलच होती! विषाणू आहे की गेला हे एसजीपीटीवरून कळत नाही, त्याला एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणाचा अंश) आणि विषाणूच्या डीएनएची रक्ततपासणी लागते. तीच करू नका असं त्यानं बजावलं होतं. आणि लेकाचे डोळे किंवा लघवी कधी पिवळी झालीच नव्हती, मग पाण्यात उतरत काय होतं? पुढे कुणीतरी सांगितलं म्हणून आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस यांच्या हातांना चोळून ते चुन्याच्या पाण्यात धुतले. यांना कसलीच कावीळ नाही, तरी तेच पिवळं पाणी.

बरा झाला समजून आम्ही दोन तपासण्या चुकवल्या. तेवढ्यात एसजीपीटी पाचपट चढली होती, लिव्हरवर परिणाम दिसू लागला होता. वेळेवर गेलो असतो तर औषध तेव्हाच सुरू झालं असतं. याचं मला फार वाईट वाटतं.

हिपॅटायटिस सी हा लिव्हरचाच दुसरा विषाणू, तो आता तीन वर्षांवरच्या मुलांतही काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बीचं तसं नाही. औषधानं तो दबतो, पुरता जाणं विरळाच. "कायमचा घालवतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. २०१८मध्ये सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

आता लेकाला एन्टेकॅविर हे विषाणू दाबणारं औषध चालू आहे. उपाशीपोटी घ्यायचं असतं, म्हणून रात्री जेवणानंतर दोन तास थांबून मी त्याला उठवते.