जँगोमधली नाती आणि नियम: सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात काही महिने वापरल्यानंतर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यासाठी मी जँगोवर (वेब ॲप्लिकेशन बांधायच्या पायथनमधल्या फ्रेमवर्कवर) ॲप्लिकेशन बांधलं आहे. सुताची आवक, रंगाईला गेलेलं सूत, मागावर चढलेले बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ), चलन, बिल, पार्टीची उधारी, सगळं त्यात आहे. डेटाबेस पोस्टग्रेस. दिवाळीच्या हंगामाआधी काम सुरू झालं, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतही थांबलं नाही आणि आता रोजची नोंद त्यातच होते. इथे लिहितोय ते फक्त मॉडेलबद्दल, म्हणजे माहितीची एकमेकांशी नाती कशी मांडायची आणि चुकीची नोंद कुठे अडवायची याबद्दल. बाकी जँगोवर पुष्कळ लिहिलं गेलंय.

नात्यांच्या बाबतीत जँगो उत्तम आहे, हे आधीच सांगतो. फॉरेन की, म्हणजे एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवणारा रकाना, लिहिताना 'ऑन डिलीट' (ती दुसरी नोंद पुसली तर काय करायचं) द्यावंच लागतं. 2017 च्या डिसेंबरात आलेल्या 2.0 आवृत्तीपासून ही सक्ती आहे. त्याआधी काही न लिहिल्यास कॅस्केड धरलं जायचं, म्हणजे पार्टी पुसली की तिची बिलंही पुसली जायची. मला ही सक्ती फार मोलाची वाटते, कारण प्रत्येक नात्यापाशी थांबून धंदा जाणणाऱ्या माणसाला विचारावं लागतं. हिशेब बघणाऱ्या काकांना मी विचारलं, "काका, ही पार्टी काढून टाकली तर तिची जुनी बिलं ठेवायची का?" ते म्हणाले, "बिलं कशी जातील? पार्टीनं दुकान बंद केलं म्हणून आपलं येणं बुडतंय का?" तिथे प्रोटेक्ट लागलं, म्हणजे बिलं असतील तर पार्टी पुसताच येत नाही. चलनावरच्या ड्रायव्हरच्या नोंदीला सेट नल (रकाना नुसता रिकामा करायचा), कारण ड्रायव्हर गेला तरी चलन राहायला हवं. कॅस्केड फक्त बिल आणि बिलातल्या ओळी यांच्यात उरलं, तेही कच्च्या बिलापुरतं.

ऑर्डर आणि डिझाइन यांचं नातं मेनी टू मेनी, म्हणजे एका ऑर्डरीत अनेक डिझाइन आणि एक डिझाइन अनेक ऑर्डरींत. पण नुसती जोडणी इथे कामाची नाही. एकाच ऑर्डरीत एका डिझाइनचा दर वेगळा, रंग वेगळा, काही माल नगावर आणि काही किलोवर. त्यासाठी 'थ्रू' देऊन मधलं मॉडेल आपण स्वतः लिहायचं. माझा सल्ला असा की धंद्याच्या ॲप्लिकेशनमध्ये मधलं मॉडेल पहिल्या दिवसापासून हातानेच लिहावं. आज नाही तर उद्या त्या नात्यावर एखादा रकाना लागतोच.

आता नियम. इथे जँगो नवख्या माणसाला चकवतो. मॉडेलवर व्हॅलिडेटर (रकान्यात भरलेलं तपासणारी फंक्शनं) लिहिले, 'क्लीन' पद्धत लिहिली, तरी 'सेव्ह' त्यांना बोलवत नाही. त्या तपासण्या 'फुल क्लीन'मध्ये चालतात आणि फुल क्लीन आपोआप चालतं ते मॉडेलफॉर्ममधून (मॉडेलवरून बनवलेल्या फॉर्ममधून) किंवा ॲडमिनमधून (जँगोच्या तयार नोंदणी-पडद्यांमधून). अनेक नोंदी एकदम घालणारं 'बल्क क्रिएट' आणि अनेक नोंदी एकदम बदलणारं क्वेरीसेटवरचं 'अपडेट' तर 'सेव्ह'लाही वळसा घालून जातात. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. कारखान्यातली माहिती मात्र फक्त फॉर्ममधून येत नाही. जुन्या एक्सेलमधून येते, वजनकाट्याच्या फाइलमधून येते. म्हणून मोडता कामा नये असा प्रत्येक नियम मी कन्स्ट्रेंट म्हणून, म्हणजे डेटाबेस स्वतःच पाळायला लावतो अशी अट म्हणून, डेटाबेसमध्ये ठेवतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण बीमचं. टेरी टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात, एक ग्राउंडचा आणि एक पाइलचा. पाइलचा ताणा सैल सोडलेला असतो, म्हणून तर टॉवेलवर लूप उठतात. नियम असा, की एका मागावर एका वेळी एका प्रकारचा एकच बीम चढलेला असणार. जुने उतरलेले बीम मात्र कितीही असू शकतात, त्यांचा इतिहास लागतोच. जँगोत हे युनिक कन्स्ट्रेंटने (तीच नोंद दुसऱ्यांदा येऊ न देणाऱ्या अटीने) होतं. रकाने दोन, माग आणि बीमचा प्रकार, आणि अट ही की उतरवल्याची तारीख रिकामी असावी. पोस्टग्रेसमध्ये त्याचा अंशतः, म्हणजे अटीत बसणाऱ्या नोंदींपुरताच, इंडेक्स तयार होतो. जॉबरने (मागांवर देखरेख ठेवणाऱ्याने) पाइलचा जुना बीम उतरवल्याची नोंद न करता नवा चढवला, की नोंद तिथेच अडते. 'या मागावर पाइलचा बीम आधीच चढलेला आहे, तो उतरवल्याची तारीख भरा' असा मराठी संदेश कन्स्ट्रेंटसोबतच देता येतो. आमच्याकडे मागावरची मंडळी आपसात तेलुगू बोलतात, ऑफिसात मराठी, आणि हा संदेश दोन्हीकडे एका वाचनात कळतो.

ही सोय 2022 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 4.1 ची. कन्स्ट्रेंट 2.2 पासूनच होते, पण 4.1 पासून फुल क्लीनसुद्धा ते तपासतं. त्यामुळे एकच नियम एकदाच लिहायचा. फॉर्ममध्ये तो समजेल असा संदेश होतो, आणि मागच्या दाराने कोणी आलंच तर डेटाबेस अडवतो. जँगोच्या या भागातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

बिल क्रमांकाचंही तसंच. जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे क्रमांक सोळा अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा. आर्थिक वर्ष आणि क्रमांक मिळून युनिक, विषय संपला.

जीएसटीआयएनला, म्हणजे पार्टीच्या जीएसटी नोंदणी क्रमांकाला, जरा जास्त विचार लागतो. पंधरा अक्षरं, पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र 27, कर्नाटक 29, तेलंगणा 36), पुढची दहा पॅनची, शेवटचं तपासणीचं. नमुना तपासायला रेजेक्स व्हॅलिडेटर पुरतो, पण शेवटचं अक्षर हिशेबाने ताडून बघायला स्वतःचा व्हॅलिडेटर लिहावा. एक अक्षर चुकीचं टाइप झालं तर तोच पकडतो. शिवाय रकाना युनिक हवा, पण नोंदणी नसलेल्या छोट्या पार्ट्याही पुष्कळ. रिकामी स्ट्रिंग ठेवली तर दुसऱ्याच पार्टीला 'आधीच आहे' असं उत्तर मिळणार. इथे नल, म्हणजे 'काहीच भरलेलं नाही', चालू द्यायचा, कारण पोस्टग्रेस दोन नल एकसारखे मानत नाही. अक्षरांच्या रकान्यात नल टाळा असं जँगो सांगतो, आणि हा त्यातला मान्य अपवाद आहे.

चेक कन्स्ट्रेंटमध्येही (रकान्यातल्या किमतीवरच्या अटीत) नल लक्षात ठेवा. 'वजन शून्यापेक्षा जास्त' ही अट रिकाम्या वजनाला अडवत नाही, कारण उत्तर अज्ञात आलं की डेटाबेस नोंद जाऊ देतो. आम्हाला ते सोयीचंच पडलं. गाडी दारात उभी असते, काट्यावर रांग असते, आणि चलन अर्धवट असलं तरी कच्चं म्हणून साठवावंच लागतं. म्हणून अट अशी लिहिली की चलन पक्कं असेल तर वजन भरलेलं आणि शून्याहून जास्त हवं, कच्चं असेल तर मोकळीक. क्यू ऑब्जेक्टने ('आणि', 'किंवा' वापरून अटी जोडायच्या जँगोच्या सोयीने) हे नीट मांडता येतं. पहिल्याच पडद्यावर सगळं सक्तीचं करणारी सॉफ्टवेअरं मी पाहिली आहेत. तिथे माणसं वजनाच्या रकान्यात 1 टाकून पुढे जातात, आणि मग तो 1 खरा की खोटा हे महिनाअखेरीला कोणालाच सांगता येत नाही.

कमी पडतं ते दुसऱ्या टेबलापाशी. चेक कन्स्ट्रेंटला नात्यापलीकडचा रकाना दिसत नाही. 'ऑर्डरपेक्षा जास्त माल पाठवायचा नाही' हा नियम त्यात बसत नाही. त्यासाठी ट्रान्झॅक्शन उघडून, 'सिलेक्ट फॉर अपडेट'ने ऑर्डरची ओळ धरून (तोवर दुसरं कोणी ती बदलू शकत नाही), बेरीज करून तपासावं लागतं. ते काम एका फंक्शनमध्ये ठेवा आणि माल पाठवण्याची प्रत्येक वाट त्याच फंक्शनमधून न्या. तिथेही काकांनी मला अडवलं. थोडा जास्त माल पार्टी ठेवून घेते, परत कोण पाठवतंय? तेव्हा तो नियम राहिला नाही, नुसती सूचना झाली.

वेगाची काळजी साधी आहे. यादीत पार्टीचं नाव दाखवायचं तर 'सिलेक्ट रिलेटेड', बिलाखालच्या ओळी दाखवायच्या तर 'प्रीफेच रिलेटेड', म्हणजे प्रत्येक नोंदीमागे डेटाबेसला वेगळं विचारावं लागत नाही. पैशाला डेसिमल, फ्लोट कधीच नाही, कारण त्यात अपूर्णांक अंदाजाने साठतात.

चालू डेटावर नवा कन्स्ट्रेंट लावताना आधी नियम मोडणाऱ्या नोंदी शोधून घ्या, नाहीतर मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलायची पायरी) मध्येच थांबतं. पोस्टग्रेससाठी 4.0 पासून चेक कन्स्ट्रेंट आधी नव्या नोंदींपुरता लावून जुन्या नंतर तपासायची सोय आहे. नोंदी लाखांत असतील तर तीच वापरा. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर बीमसारखा अटीचा युनिक तिथे तयारच होत नाही, जँगो फक्त इशारा देतो. आणि जुन्या आवृत्तीवरून 5.2 वर जाणार असाल तर चेक कन्स्ट्रेंटमधल्या 'चेक' या नावाच्या जागी 5.1 पासून 'कंडिशन' आलंय, तेवढं बदलून घ्या.