स्कायरिममध्ये आठ महिने तिरंदाज: पहिला बाण महत्त्वाचा, धनुष्य नंतर

दिवाळीनंतर सुरू केलेला स्कायरिम हा व्हिडिओ गेम अजून चालूच आहे. नागपुरात आता जूनचे ढग यायला लागले, म्हणजे आठ महिने झाले. एवढ्यात दोन पात्रं खेळलो, दोन्ही धनुष्यवाली. पहिलं चाळीस तासांनी सोडून द्यावं लागलं. दुसरं आज ४४व्या लेव्हलला आहे आणि त्याच्यावर माझा जीव आहे. गेम ११ नोव्हेंबर २०११चा, मी खेळतो ती २०१६ची स्पेशल एडिशन. तिच्यात डॉनगार्ड वगैरे तिन्ही जोड (मूळ गेमनंतर आलेले जास्तीचे भाग) आधीपासून असतात, आणि तिरंदाजाला डॉनगार्ड लागतंच. का ते पुढे येईल.

पहिल्या पात्राचं काय चुकलं ते आधी सांगतो, कारण बहुतेक नवे लोक तिथेच अडकतात. मी सगळंच थोडं थोडं शिकत होतो. पाठीवर धनुष्य, कमरेला तलवार, डाव्या हातात आगीचा मंत्र. शिवाय व्हाइटरन शहरातल्या भट्टीवर बसून लोखंडी खंजिरांचा ढीग घडवला, औषधं उकळली, ती विकली. या गेममध्ये कुठलंही कौशल्य वाढलं की पात्राची लेव्हल वाढते, आणि तुमची लेव्हल वाढली की समोरचे शत्रूही तगडे होतात. मी २२व्या लेव्हलला पोचलो तेव्हा तिरंदाजी जेमतेम ३५ होती. दरोडेखोरांचा सरदार समोर आला की त्याला आठ-दहा बाण लागायचे आणि मला त्याचे दोन घाव पुरायचे.

धाकटा भाऊ मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "दादा, तू समोरासमोर काऊन लढून राहिला? धनुष्य काय ढाल आहे का?" त्याच रात्री नवं पात्र सुरू केलं. या पूर्ण अनुभवाचं सार त्याच्या त्या एका वाक्यात आहे.

दुसरं पात्र वुड एल्फ, म्हणजे जंगलातल्या एल्फ वंशाचं, घेतलं. त्यांना तिरंदाजीत १० गुण जास्त मिळतात, म्हणजे सुरुवात २५पासून. खाजीत, म्हणजे मांजरासारखा वंश, घेतला तर तिरंदाजीत ५ आणि लपून चालण्यात १० जास्त. दोन्ही चांगले. हा फरक थोड्याच दिवसांत पुसला जातो, त्यामुळे वंश निवडताना तासभर डोकं खाजवू नका. आवडेल तो चेहरा घ्या.

आता हिशोब. ड्वार्व्हन धनुष्याच्या मूळ माराचा आकडा १२, स्टीलच्या बाणाचा १०. दोन्ही मिळून २२. कौशल्य आणि पर्क (लेव्हल वाढल्यावर निवडायची खास क्षमता) यांचा गुणाकार वेगळा, पण पाया हा. आता धनुष्य बदलून एल्व्हन घेतलं, आकडा १३, तर २२चे २३ झाले. त्याऐवजी धनुष्य तेच ठेवून बाण एल्व्हन घेतले, आकडा १६, तर २२चे २८ झाले. मी पहिल्या पात्रात हजारो नाणी धनुष्यांवर उधळली आणि भात्यात लोखंडी बाण ठेवले, ज्यांचा आकडा फक्त ८. चांगले बाण मिळाले की लोक ते "पुढे कामी येतील" म्हणून साठवून ठेवतात. साठवू नका, वापरा. बाणाला वजन नसतं, मेलेल्या शत्रूच्या अंगातून काही परतही मिळतात, आणि डॉनगार्डमुळे भट्टीवर एक लाकूड आणि एक धातूची लगड देऊन २४ बाण घडवता येतात.

याहून मोठी गोष्ट लपण्याची. तुम्ही दिसला नसाल आणि बाण लागला तर मार दुप्पट होतो. म्हणजे २२चे ४४. स्नीकच्या, म्हणजे लपून चालण्याच्या, पर्कच्या झाडात डेडली एम हा पर्क ४० गुणांवर मिळतो आणि तो दुपटीऐवजी तिप्पट मार देतो, म्हणजे ६६. तिथपर्यंत जायला स्टेल्थ आणि बॅकस्टॅब हे दोन पर्क वाटेत घ्यावे लागतात. बॅकस्टॅब तलवार-खंजीरवाल्यांसाठी आहे, तो वाया जातो असं वाटेल, तरी घ्या. तिरंदाजीतला ओव्हरड्रॉ दर पायरीला २० टक्के मार वाढवतो, पाच पायऱ्यांत १०० टक्के. तोही हवाच. पण माझा ठाम सल्ला असा की ओव्हरड्रॉच्या दोन पायऱ्या झाल्या की पर्क स्नीककडे वळवा, डेडली एम हातात येईपर्यंत परत येऊ नका. या एका बदलाने माझा गेम पालटला.

ब्लीक फॉल्स बॅरो या जुन्या थडग्यात शिरल्या शिरल्या जे मोठं दालन लागतं, तिथे शेकोटीजवळ दोन दरोडेखोर असतात. पहिल्या पात्राने मी तिथे पळत गेलो होतो. दुसऱ्या वेळी दारातच कंट्रोल दाबून खाली बसलो. पडद्याच्या मधला डोळा मिटलेला असला की तुम्ही कुणाला दिसत नाही, उघडला की दिसलात; तो मिटलेला आहे हे बघून थांबलो, प्रत्यंचा पूर्ण ओढली. अर्धी ओढून सोडलेला बाण कमी लागतो आणि लवकर खाली पडतो, त्यामुळे माउसचं बटण घाईने सोडायचं नाही. नेम छातीच्या किंचित वर धरला. जो माझ्याकडे पाठ करून होता तो तिथेच कोसळला. दुसरा तलवार काढून शोधायला लागला आणि डोळा अर्धा उघडला. इथे बहुतेक जण घाबरून दुसरा बाण सोडतात. मी दोन पावलं मागे सरकून खांबाच्या सावलीत बसून राहिलो. तो दारापर्यंत आला, उभा राहिला, वळला. डोळा परत मिटला. मग त्याला त्याचा पहिला बाण मिळाला. प्रत्येक शत्रूला "पहिला" बाणच मिळाला पाहिजे, तिरंदाजाची सगळी करामत एवढीच आहे. मधे थांबायचा धीर हवा.

मे महिन्यात इथे पारा ४५च्या वर जातो आणि कूलर लावल्याशिवाय खोलीत बसवत नाही. कूलरच्या घरघरीत गुहेतले पावलांचे आवाज बुडून जातात, आणि या पात्राला डोळ्यांइतकेच कान लागतात. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घेतल्यावर कोपऱ्यामागचा ड्रॉगर (थडग्यातलं चालतं प्रेत) उठल्याचा आवाज आधीच कळायला लागला. तिरंदाज खेळणार असाल तर माउसच्या आधी हेडफोनवर खर्च करा. उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट, एफ-५ दाबून सेव्ह करत राहा. एकदा भर दुपारी लाइट गेली आणि अख्खी गुहा पुन्हा खेळावी लागली.

पर्कमधले मला पटलेले सांगतो. ईगल आय, ३० गुणांवर, लांबचं जवळ दिसतं. त्यानंतर स्टेडी हॅन्ड, त्याने जवळून बघताना वेळ मंदावते. पहिल्या पायरीला २५ टक्के, दुसरीला ५०. पळत्या सावजाला नेम धरायला हा सोन्यासारखा आहे. पॉवर शॉट ५०वर, निम्म्या वेळा समोरचा झोकांडी खातो, फार मोठे राक्षस सोडून. अंगावर येणाऱ्याला रोखायला हाच वाचवतो. क्विक शॉट ७०वर, प्रत्यंचा ३० टक्के लवकर ओढली जाते. क्रिटिकल शॉट मी शेवटी घेतला, घाई नाही. हंटर्स डिसिप्लिनने बाण दुप्पट परत मिळतात, पण बाण स्वतः घडवता येत असताना त्यावर पर्क घालवणं मला पटलं नाही.

शिकवणीचं एक. रिव्हरवुड गावचा फाएन्डल तिरंदाजी ५०पर्यंत शिकवतो. त्याला सोबती करून घेतलं की शिकवणीचे पैसे त्याच्याच पिशवीतून परत काढता येतात. मी ते करून बघितलं. आकडा भराभर वाढला, हात मात्र तिथेच राहिला. लांबच्या माणसावर किती वर नेम धरायचा, चालत्या माणसाच्या किती पुढे, हे शेकडो बाण चुकल्यावरच अंगात येतं. त्यापेक्षा फाल्क्रीथच्या डोंगरात राहणाऱ्या अँजीकडे जा. ती समोर निशाणं लावून फुकट सराव करून घेते आणि कौशल्यही वाढवते.

विषाबद्दल मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कॅनिस रूट आणि इम्प स्टूल उकळले की लुळं पाडणारं विष होतं. धनुष्याला लावून सोडलं की माणूस काठीसारखा आडवा. मी पंधरा बाटल्या भरून ड्रॉगरांच्या थडग्यात उतरलो आणि एकही चालली नाही, कारण मेलेल्यांना विष लागतच नाही. त्यांच्यासाठी आगीचा मंत्र भरलेलं धनुष्य ठेवा, आणि दालनात जमिनीवर तेल सांडलेलं दिसलं तर वर टांगलेला दिवा बाणाने पाडा. विष दरोडेखोर आणि गुहांत राहणारे फाल्मर यांच्यासाठी. फाल्मर आंधळे असतात पण कान तिखट, तिथे मफल (पावलांचा आवाज दाबणारा मंत्र) भरलेले बूट घालूनच जा.

त्रास कुठे होतो तेही सांगतो. ड्रॅगनसमोर लपण्याचा उपयोग जवळपास नाही. तो उडत असताना बाण मारत राहायचं आणि खडकाची आड धरायची. अरुंद वाटेत अचानक कुणी अंगावर आलं तर धनुष्य लुळं पडतं, म्हणून फेव्हरिटमध्ये, म्हणजे पटकन काढता येणाऱ्या यादीत, एक तलवार कायम ठेवा. आणि सोबती. लिडिया मनाने कितीही चांगली असली तरी ती तलवार उपसून पुढे धावते, शत्रू जागे करते आणि नेमकी माझ्या बाणाच्या वाटेत उभी राहते. गुहेच्या तोंडाशी तिला "इथेच थांब" सांगायचं. मी शेवटी व्हाइटरनची एला सोबत घेतली, ती स्वतः धनुष्यवाली आहे आणि ७५पर्यंत शिकवतेही.

लेव्हल वाढताना मी बहुतेक वेळा हेल्थ (जीव) घेतली. प्रत्यंचा ओढायला स्टॅमिना (दम) लागत नाही, फक्त ईगल आयने बघताना ती घटते. तरी चार-पाच वेळा स्टॅमिना घ्या, दर वेळी ओझं वाहायची ताकद ५ने वाढते.

चाळिसाव्या लेव्हलनंतर एक अडचण वेगळीच आली. ओव्हरड्रॉ पूर्ण, डेडली एम, शिवाय शिरस्त्राण, हातमोजे, अंगठी आणि माळ या चारही जागी तिरंदाजी वाढवणारे मंत्र. एक्स्पर्ट या अवघडपणाच्या पातळीवर एका बाणात एक माणूस जायला लागला. थांबणं, सावली शोधणं, श्वास धरून बसणं, ज्यासाठी मला हे पात्र आवडलं ते सगळं गळून गेलं. म्हणून त्याहून अवघड मास्टरवर गेलो. तिथे आपला मार निम्मा होतो आणि त्यांचा दुप्पट लागतो. आता पुन्हा एक बाण पुरत नाही, पुन्हा मागे सरकावं लागतं.

गेल्या आठवड्यात आर्कंगथाम्झच्या भग्नावशेषांत झेफर मिळालं. ड्वार्व्हन जातीचंच धनुष्य, पण ३० टक्के लवकर सुटणारं. आकड्याने एबनीसमोर ते कमीच. तरी एबनीचं पेटीत ठेवलंय. काल रात्री भावाने माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि स्वतःचा खाजीत सुरू केला. पहिल्याच गुहेत दाराशी बसून त्याने डोळा मिटायची वाट बघितली.