अळंबीतले घटक: जखमेला कोणता, त्वचेला कोणता?

डबीवर 'रेशी' लिहिलंय की 'ट्रेमेला' (दोन्ही अळंबींची नावं), हे नंतर पाहू. आधी दोन गोष्टी बघा: कातडी फाटलेली आहे की शाबूत, आणि त्या अळंबीतून नेमकं काय काढून घेतलंय.

जखम उघडी असेल तर या गटात विचार करण्याजोगं एकच, कायटोसॅन. बुरशीच्या पेशीभित्तिकेतल्या कायटिन नावाच्या कडक पदार्थापासून ते बनतं. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासूनही बनतं, आणि बाजारातलं बरंचसं तिथलंच असतं. कवचाच्या माशांची अ‍ॅलर्जी असेल त्यांनी उगम विचारूनच घ्यावं. कायटोसॅनवर धन प्रभार असतो, तांबड्या रक्तपेशींवर ऋण. त्यामुळे पेशी त्याला चिकटतात आणि रक्त लवकर थांबतं. मात्र वापरायची ती निर्जंतुक, सीलबंद पट्टी. सुटी पावडर जखमेवर भुरभुरू नका: ती निर्जंतुक नसते, शिवाय ओलाव्याने फुगून चिकटते आणि धुताना नव्याने धरलेली कातडी ओढली जाते. मधुमेही माणसाच्या पायाची जखम, पू, ताप, पसरत जाणारी लाली यांपैकी काही असेल तर घरी काहीच लावत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

बीटा-ग्लुकन म्हणजे बुरशीच्या पेशीभित्तिकेतली साखरेच्या रेणूंची लांब साखळी; त्याबद्दल दावे सगळ्यात जास्त आहेत, म्हणून जरा थांबून पाहू. शिटाके अळंबीतलं लेंटिनन, शिझोफिलम अळंबीतलं शिझोफिलन, रेशीतली पॉलिसॅकराइड्स (अशाच लांब साखळ्या) ही सगळी याच कुळातली. जखमेची साफसफाई करणाऱ्या मॅक्रोफेज पेशींवर डेक्टिन-१ नावाचा ओळखणारा रेणू (रिसेप्टर) असतो. तो हे ग्लुकन ओळखतो आणि पेशी कामाला लागतात. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर चांगले परिणाम दिसले आहेत, माणसांच्या जखमांवरचा पुरावा त्यामानाने थोडा आहे. म्हणून ते शाबूत पण चुरचुरणाऱ्या त्वचेसाठी ठेवावं: दाढीनंतर, उन्हाने लाल झाल्यावर, रेटिनॉलने (क्रीममधल्या व्हिटॅमिन ए ने) सोलवटल्यावर.

खरेदीत फसगत इथेच होते. 'पॉलिसॅकराइड ४० टक्के' म्हणजे ४० टक्के बीटा-ग्लुकन नव्हे. धान्यावर वाढवलेल्या मायसेलियमच्या (बुरशीच्या धाग्यांच्या) पावडरीत धान्याचा स्टार्चही त्याच आकड्यात मोजला जातो. चिमूटभर पावडर पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या, आयोडीनचा एक थेंब टाका. निळा-काळा रंग आला की त्यात स्टार्च आहे. रेशीच्या टिंक्चरचं (अल्कोहोलमधल्या अर्काचं) वेगळंच: अल्कोहोलमध्ये ट्रायटर्पीन हे कडू घटक उतरतात, ग्लुकन उतरतं गरम पाण्यात. कडक अल्कोहोलच्या अर्कात ग्लुकन नावालाच असतं, आणि जखमेवर तो झोंबतो तो वेगळाच.

कोरड्या त्वचेला ट्रेमेला. तिच्या पॉलिसॅकराइडमधलं ग्लुक्युरोनिक अ‍ॅसिड पाणी धरून ठेवतं आणि मोठे रेणू वरच पातळ थर करतात. हायलुरॉनिक अ‍ॅसिड (क्रीममधला पाणी धरणारा घटक) मानवत असेल तर बदलायची घाई नको, दोघांचं काम जवळपास एकच. घरी १०० ग्रॅम जेल करायची तर ०.३ ग्रॅम पावडर आधी ५ ग्रॅम ग्लिसरिनमध्ये कालवा, मग ९३.७ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर हळूहळू ओता. पावडर थेट पाण्यात टाकली की बाहेरून चिकट, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या कितीही ढवळलं तरी मोडत नाहीत. रात्रभर मुरू द्या, पीएच ५ ते ५.५ ठेवा, शेवटी फिनॉक्सिइथेनॉल असलेलं प्रिझर्वेटिव्ह १ ग्रॅम. ते टाळलं तर जेलमध्ये जंतू वाढतात, वास यायच्या आधीच. यात कायटोसॅन मिसळू नका. विरुद्ध प्रभारांमुळे दोन्ही एकमेकांना धरतात आणि तंतू तंतू होऊन खाली बसतात.

डागांसाठी लोक कोजिक अ‍ॅसिड घेतात. ते अळंबीचं नाही, अ‍ॅस्परजिलस बुरशीचं. युरोपीय संघात चेहऱ्या-हातांच्या उत्पादनांत त्याची मर्यादा १ टक्का आहे. जखमेवर किंवा सोललेल्या कातडीवर अजिबात नको. तपकिरी पडलेली क्रीम टाकून द्या, आणि दिवसा सनस्क्रीन लावणार नसाल तर हे घेऊच नका.