लेझर कटिंग सेवा: आर्किटेक्चरच्या मॉडेलसाठी कधी घ्यावी आणि फाइल कशी द्यावी

ठाण्यात वागळे इस्टेट आणि नवी मुंबईत तुर्भे एमआयडीसी, जुरी (परीक्षकांपुढे कामाचं सादरीकरण) जवळ आली की आर्किटेक्चरचे विद्यार्थी लेझर कटिंगसाठी या भागांत गाळे शोधू लागतात. डिझाइन पक्कं झालेलं असेल तर जरूर जावं. बारीक जाळी, खिडक्यांची चौकट, एकसारख्या पायऱ्या यांत हे यंत्र देतं ती सफाई हाताने कटर चालवून येत नाही. डिझाइन अजून घडत असेल तर मात्र ही सेवा घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कारण यंत्राच्या रचनेतच आहे. किरण शीटवर उभा पडतो, म्हणून कापाची कड नेहमी ९० अंशांचीच निघते. सपाट भिंती आणि स्लॅब सहज होतात, उतरतं छप्पर होत नाही. विद्यार्थी मग नकळत सोपं तेच काढायला लागतो आणि तीच आपली शैली आहे असं समजतो.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचं नवी मुंबईतल्या बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज हे घरसंकुल केस स्टडीसाठी घेतलं की हे लगेच कळतं. तिथे सात घरं सुमारे ८ × ८ मीटरच्या अंगणाभोवती आहेत. असे तीन गट मिळून २१ घरं आणि मध्ये सुमारे १२ × १२ मीटरची मोकळी जागा. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणून प्रत्येकाला आपलं घर पुढे वाढवता येतं. १:१०० ला (मॉडेलचा १ सेंटीमीटर म्हणजे खरा १ मीटर) ते पहिलं अंगण ८ × ८ सेंटीमीटरचं होतं. डिझाइनचा जीव त्या रिकाम्या चौकोनात आहे, आणि तो समजायला घरांचे ठोकळे हाताने सरकवून बघावे लागतात. त्यासाठी माउंट बोर्ड (जाड पुठ्ठा), स्टीलची पट्टी आणि कटरचं ३० अंशांच्या टोकाचं पातं पुरतं. एका दाबात कापू नये, हलक्या हाताने तीन-चार वेळा पातं फिरवावं आणि बोथट होताच टोक मोडून टाकावं. छप्पर ३० अंशांचं असेल तर आढ्यावर दोन्ही तुकड्यांची कड ३० अंशांनी घासावी लागते. हे काम लेझरकडून कापून आणलं तरी हातालाच करायचं आहे.

आता फाइल. डीएक्सएफ (रेषाचित्राच्या फाइलचा प्रकार), एकक मिलिमीटर, आणि मॉडेलच्या मापातच. कापायच्या रेषा एका रंगात, नुसत्या खुणेच्या दुसऱ्या रंगात. कोणता रंग कशाला, हे गाळ्यावर आधी विचारावं, प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. एकावर एक बसलेल्या दुहेरी रेषा हा सगळ्यांत महाग दोष: किरण तिथून दोनदा जातो, कड जळते आणि पैसेही दोनदा लागतात, कारण आकारणी बहुतेक ठिकाणी मशीनच्या मिनिटांवर असते. ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल (दुहेरी रेषा काढून टाकणारी कमांड) चालवल्याशिवाय फाइल पाठवू नका. गवत किंवा फरशीसाठी भरीव एन्ग्रेव्हिंग (पूर्ण भाग कोरणं) मागू नका, त्यात मशीन ओळीओळीने फिरत बसतं. साध्या रेषांची खूण काही मिनिटांत होते. क्रम सांगून ठेवा: आधी खुणा, मग आतली भोकं, शेवटी बाहेरची कड. बाहेरची कड आधी सुटली तर तुकडा हलतो.

खाचा जुळत नाहीत ही नेहमीची तक्रार. किरण साधारण ०.२ मिमी माल खातो, म्हणजे ३ मिमीची खाच काढली तर मिळते ३.२ मिमीची. त्यात ‘३ मिमी’ म्हणून मिळणारं एमडीएफही (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) नेमकं ३ नसतं. व्हर्नियरने (जाडी मोजायचं साधन) शीट मोजा, त्यातून ०.२ वजा करा आणि दोन खाचांचा तुकडा आधी कापून बघा. भिंतीचाही हिशोब ठेवा: १:१०० ला ३ मिमी म्हणजे ३०० मिमीची भिंत. २३० मिमीची वीटभिंत दाखवायची तर २ मिमी शीट जास्त जवळची, नाहीतर छोट्या घरातल्या खोल्या उगाच चिंचोळ्या दिसतात.

सनबोर्ड नेऊ नका. तो पीव्हीसीचा असतो, लेझरखाली त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसाला घातक आणि यंत्र गंजवणारा. नकार देणारा ऑपरेटर जाणकार आहे असं समजावं. ॲक्रिलिक चालतं, वरचा कागद न काढता. कापल्यावर कडा स्पिरिटने पुसल्या तर बारीक तडे जातात, त्यामुळे साबणाचं पाणीच बरं.

साइट मॉडेलसाठी मात्र या सेवेला तोड नाही. येऊर किंवा पारसिकच्या उताराची साइट असेल तर १:५०० ला १ मीटरच्या कंटूरसाठी (समान उंचीच्या रेषांसाठी) २ मिमी शीट बरोबर बसते. प्रत्येक थरावर वरच्या थराची कड खुणेच्या रेषेने काढून घ्या, चिकटवताना काही मोजावं लागत नाही.

पावसाळ्यात इथल्या दमटपणाने एमडीएफ आणि बोर्ड वाकतात. शीट मध्ये उचलली की फोकस हुकतो आणि काप आरपार जात नाही. शीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, आडवी ठेवून न्या, आणि यंत्राच्या बेडवर कोपऱ्यांना वजन लावायला सांगा. पहिला तुकडा सुटतो का ते बघितल्यावरच पुढची शीट चढवू द्या. जोडताना फेविकॉल पातळ थरातच लावा, जास्त झाला की त्यातल्या पाण्याने माउंट बोर्ड पुन्हा वाकतो.