परिषदेच्या नावाने आलेलं हॉटेल बुकिंग

परदेशातल्या परिषदेचा कार्यक्रम जाहीर झाला आणि चौथ्या दिवशी तो ईमेल आला. वर परिषदेचं पूर्ण नाव आणि बोधचिन्ह, आत माझं नाव, माझ्या निबंधाचं शीर्षक, माझं सत्र कोणत्या दिवशी आहे तेसुद्धा. खाली ‘अधिकृत निवास विभाग’ अशी सही. वक्त्यांसाठी सभागृहाजवळच्या हॉटेलात खोल्या राखून ठेवल्या आहेत, ४८ तासांत नक्की केलं नाही तर त्या हॉटेलकडे परत जातील, असा मजकूर. मोठ्या परिषदांना हॉटेलं खरोखरच अशा खोल्या राखून देतात आणि ठरावीक तारखेनंतर त्या सोडतात, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला. बोलणारी बाई अगदी शांत, आदबशीर. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “व्हिसाची फाइल कुठवर आलीय?”

इथे मी सापडले. परिषद शेंगेन देशात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी एकात होती. तिथल्या व्हिसासाठी परतीचं तिकीट, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी द्यावा लागतो. माझी अपॉइंटमेंट पुढच्याच आठवड्यात होती आणि फाइलमध्ये फक्त हॉटेलचाच कागद नव्हता. बाई म्हणाली, “पैसे जमा झाले की हॉटेलच्या लेटरहेडवर पत्र पाठवते, व्हिसाला तेच चालतं.” मला सुटल्यासारखं वाटलं.

माझ्या एका विद्यार्थिनीचं पोस्टर त्याच परिषदेत लागणार होतं. मी तिला ईमेलमधली लिंक पाठवली. तिने विचारलं, “मॅडम, नीट बघितलंय ना तुम्ही?” मी म्हटलं, “अगं, आयोजकांचंच आहे ते.” मी काहीही बघितलेलं नव्हतं. पैसे गेले त्यापेक्षा हे एक वाक्य मला जास्त सलतं.

कार्डाने पैसे भरायला गेले तर फॉर्म पुढेच जाईना. बाईंचा लगेच निरोप: कार्डाची यंत्रणा आज बंद आहे, बँकेतून पाठवा, ५ टक्के सूट देऊ. सोबत आयबॅन, म्हणजे खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. आयबॅनची पहिली दोन अक्षरं खातं कोणत्या देशातलं आहे ते सांगतात. जर्मनीचं डीई, स्पेनचं ईएस. माझ्या समोरची अक्षरं परिषद आणि हॉटेल होतं त्या देशाची नव्हती. खातेदार म्हणून कुठल्यातरी व्यापारी कंपनीचं नाव होतं, त्यात हॉटेल नाही, परिषद नाही. मी विचारलं, तर “हिशेब तेच बघतात” असं उत्तर आलं. बँकेचा फॉर्म भरताना ते नाव मी स्वतःच्या हाताने, एकेक अक्षर बघून लिहिलं. दोन खोल्या, चार रात्री, सगळी रक्कम आगाऊ.

पत्र त्याच संध्याकाळी आलं. हॉटेलचा पत्ता बरोबर, बोधचिन्ह किंचित धूसर, खाली फोन नंबर आणि आठ आकडे-अक्षरांचा बुकिंग क्रमांक. मी ते व्हिसाच्या फाइलला लावलं.

प्रवासाला सहा आठवडे असताना लक्षात आलं की विमान रात्री फार उशिरा पोचतं. तसं हॉटेलला कळवावं म्हणून मी त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून नंबर काढून फोन केला. पत्रावरचा नंबर वेगळा आहे हे तेव्हाही ध्यानात आलं नाही. रिसेप्शनवरच्या मुलाने क्रमांक दोनदा वाचायला लावला. मग म्हणाला, “आमच्या क्रमांकात अक्षरं नसतात. तुमच्या दोघींच्या नावानेही काही नाही.” नावाचं स्पेलिंग बदलून बदलून त्याने तीनदा शोधलं. पत्रावरच्या नंबरला मी फोन केला असता तर तीच शांत आवाजाची बाई “हो, सगळं पक्कं आहे” म्हणाली असती.

बँकेने पैसे परत मागवण्याचा संदेश पाठवला. पण असा संदेश म्हणजे समोरच्या बँकेला केलेली विनंती. खात्यात पैसे उरले नसतील तर हाती काही लागत नाही. आमच्या बाबतीत खातं रिकामं होतं. कार्डाने भरले असते तर सेवा मिळाली नाही म्हणून बँकेमार्फत वाद घालता आला असता. व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्ड कंपन्यांच्या नियमांत त्यासाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते, आणि ती सेवा मिळायच्या तारखेपासून धरतात. कार्डाचा फॉर्म बंद का होता ते मला तेव्हा कळलं.

व्हिसाच्या फाइलमधलं पत्र खोटं निघालं ही भीती वेगळीच. मी त्याच दिवशी दुसरी खोली घेतली आणि नवं बुकिंग, बँकेची तक्रार, पोलिसांकडची नोंद असं सगळं व्हिसा कार्यालयाला स्वतःहून लेखी कळवलं. व्हिसा मिळाला. पण तोवरचे अकरा दिवस ती मुलगी रोज विचारायची, “मॅडम, माझा पासपोर्ट अडकणार नाही ना?” तिचे पैसे मी भरून दिले. तिची झोप गेली त्याला काय करणार?

आता ज्यांना जायचं आहे त्यांना कळकळीने सांगते. आपलं नाव, संस्था, सत्र हे सगळं परिषदेच्या कार्यक्रमात उघड छापलेलं असतं, तेव्हा ते कुणाला माहीत आहे म्हणून तो आयोजकांचा माणूस ठरत नाही. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीतलं कुलूपही खरेपणाची खूण नव्हे. वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध आहे, मधल्या कुणाला वाचता येत नाही, एवढंच ते सांगतं, आणि तसं प्रमाणपत्र भामट्यालाही फुकट मिळतं. त्या वेबसाइटच्या नावात परिषदेचं नाव होतं, पुढे एक आडवी रेघ आणि ‘हाउसिंग’. वेबसाइटच्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या शोध पानावर (लुकअप) ते नाव टाकलं तर नोंदणी अवघ्या तीन आठवड्यांपूर्वीची निघाली. परिषद मात्र कितीतरी वर्षं भरते आहे. हे बघायला मला दोन मिनिटं लागली, पैसे गेल्यावर.

आलेल्या ईमेलला उत्तर देऊन खात्री करू नका. परिषदेच्या मूळ पानावरचा पत्ता आपण शोधा आणि निवासाचं काम कुणाला दिलंय ते विचारा. आमच्या परिषदेच्या पानावर तर चक्क लिहिलं होतं की आम्ही कोणतीही एजन्सी नेमलेली नाही, कुणी फोन केला तर तो आमचा समजू नका. ती ओळ ‘प्रवास’ या मथळ्याखाली अगदी तळाशी होती, मी तिथवर गेलेच नाही. मधल्या कुणाकडून खोली घेतलीच, तर हॉटेलचा स्वतःचा बुकिंग क्रमांक मागून घ्या आणि तो हॉटेललाच फोन करून पडताळा. व्हिसासाठी घाई असेल तर फुकट रद्द करता येणारी, पैसे तिथे गेल्यावर द्यायची खोली घ्या. माझ्या फाइलला शेवटी तेच बुकिंग चाललं.

आणखी एक. महिन्याभराने ‘तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो’ असं सांगणारा ईमेल आला, शुल्क आधी भरायचं होतं. तीच टोळी असावी, निदान माझं नाव असलेली यादी त्यांच्याकडूनच गेलेली असावी. उत्तर दिलं नाही.

आयोजकांना कळवल्यावर त्यांनी त्याच दिवशी सगळ्या वक्त्यांना सूचना पाठवली. मीही माझ्या सत्रातल्या सहाही जणांना वेगळं लिहिलं. दोघांनी आधीच पैसे भरलेले होते. तिसरीचं उत्तर पाच मिनिटांत आलं: बँकेचा फॉर्म समोर उघडा आहे, रक्कम टाकून झाली आहे, आता बंद करते.